दोन पैसे बाकी

१३ जानेवारी

चि. गुंज हिला,

या ओळीखाली आशीर्वादासाठी जागा कोरी सोडली आहे. तो तू घेशील की नाही याची खात्री नाही, आणि खात्री नसलेली गोष्ट मी लिहीत नाही.

तीन वर्षांनी पत्र आलं म्हणजे बाप नमला असं समजू नकोस. मला एक चौकशी करायची आहे, तेवढीच. तुझा पत्ता तुझ्या आत्याच्या वहीत सापडला. ती एप्रिलात गेली हे तुला कळलंच होतं. तू आली होतीस, मागच्या रांगेत उभी राहिलीस आणि माझ्याशी न बोलता गेलीस. ते मी पाहिलं होतं. असो.

तर चौकशी अशी. आई आजारी असताना तू माझ्या नावाने बँकेतून क्रेडिट कार्ड काढून आणलं होतंस, औषधांसाठी. ते कार्ड तू जाताना मी तुझ्यासमोर पत्र्याच्या कात्रीने कापलं. दोन तुकडे केले आणि चुलीत नाही पण कचऱ्यात टाकले, वेगवेगळ्या दिवशी. मग गेल्या जूनपासून मला त्या कार्डाचं बिल का येतंय?

काल आठवं पाकीट आलं. बाकी दोन पैसे.

हसू नकोस. जूनला सात पैसे होते. मग एकतीस, मग बारा, अठ्ठेचाळीस, पुन्हा सात, तेवीस, एकोणीस आणि आता दोन. पाकिटावरचं तिकीटच त्याच्या कितीतरी पट महाग. कुठली कंपनी दोन पैसे मागायला एवढा खर्च करील? ज्या अर्थी करते त्या अर्थी तिला त्यातून काहीतरी मिळतं. मी सातवीपर्यंतच शिकलो, पण चाळीस वर्षं दुकानदारांचे तराजू दुरुस्त केले आहेत. लबाडी किलोत कधीच नसते, ती गुंजेत असते. तुझं नावही मी त्यावरूनच ठेवलं होतं, तू जन्मलीस तेव्हा एवढीशी होतीस म्हणून. पण ते इथे नको.

मी कुणाचं देणं ठेवत नाही. दर महिन्याला तेवढ्या पैशांचा चेक लिहितो. ‘अक्षरी सात पैसे फक्त.’ बँकेत चालत जातो आणि चेकच्या पेटीत टाकतो. वरच्या मजल्यावर एक रिटायर कंपाउंडर राहायला आले आहेत, त्यांनी एकदा चेक पाहिला आणि जिन्यातच बसले हसत. म्हणाले, “अहो काटेवाले, याच्यापेक्षा शाईला जास्त पैसे लागले असतील.” मी म्हटलं, “शाई माझी आहे, देणं दुसऱ्याचं आहे.”

फक्त नोव्हेंबरचा चेक उशिरा, डिसेंबरात गेला. तापाने पडलो होतो. ताप साधाच होता. पण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कंपाउंडरांच्या फोनवर एका बाईचा फोन आला. विमा कंपनीतून बोलते म्हणाली. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ घरी असतात का, हिंडतात-फिरतात का, हे विचारलं आणि ठेवून दिला. माझा कसलाही विमा नाही. म्हणजे कुणीतरी घरावर नजर ठेवून आहे. त्या दिवसापासून मी दाराला आतून दुसरी कडी लावतो आणि बाहेर जाताना खिडकीत दिवा चालू ठेवतो. त्यामुळे विजेचं बिल वाढलं, पण ते वेगळं.

तर तू एवढंच कळव, त्या कार्डाचा नंबर तू कुणाला दिला होतास का? हो किंवा नाही, एका ओळीत. कार्डावर लिहिलंस तरी चालेल, म्हणजे पोस्टकार्डावर.

बाबा

१९ जानेवारी

चि. गुंज,

उत्तराची वाट न पाहता लिहितोय, कारण भानगड मला वाटली त्याहून मोठी आहे.

आज मी पेटीत चेक न टाकता थेट काउंटरवर गेलो. तासभर बसलो. माझ्या शेजारी एक गृहस्थ माझ्या पिशवीकडे सारखे पाहत होते, म्हणून मी पिशवी मांडीवर घेतली. मग कळलं, त्यांचा चष्मा मी पिशवीखाली दाबून बसलो होतो.

काउंटरवरची बाई तुझ्या वयाची असेल. केसात पेन खोचलेलं. बिल पाहून म्हणाली, “आजोबा, दोन पैशांसाठी नंबर लावलात?”

“दोन पैसे कशाचे ते सांगा. मग देतो.”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग पडद्यावर पाहिलं. “पेट्रोलचे.”

“माझ्याकडे सायकलसुद्धा नाही.”

“कार्डावर दर महिन्याला एकदा पेट्रोल भरलंय. वर छापलंय की. तुम्ही वाचत नाही का?”

मी वरचं वाचत नाही, हे खरं आहे. ती बारीक छपाई म्हणजे मुंग्या चालल्यासारखी दिसते. तुझी आई म्हणायची, शेवटचा आकडा तेवढा बघायचा, वरची सगळी सजावट असते. तिने सांगितलं तसं मी करत आलो. पण ते बाईला कशाला सांगू?

ती म्हणाली, “कार्ड कुठाय तुमचं?”

“कापलं. तीन वर्षांपूर्वी. पत्र्याच्या कात्रीने.”

“बँकेला कळवलं होतं?”

“कापल्यावर काय कळवायचं?”

तिने केसातलं पेन काढून कपाळावर टेकवलं. म्हणाली, “आजोबा, तुम्ही प्लास्टिक कापलंत. खातं चालूच राहिलं. आता कुणीतरी ते वापरतंय. हा तक्रारीचा फॉर्म न्या. भरून दिलात की कार्ड बंद, चौकशी सुरू. पेट्रोल पंपावर कॅमेरे असतात, माणूस सापडतो. मग पुढे पोलीस बघतील.”

“सापडतोच?”

“सहसा.”

मी फॉर्म घेतला. दोन प्रती घेतल्या, एक खराब झाली तर असावी म्हणून. घरी येताना रस्त्यात उभ्या प्रत्येक स्कूटरकडे मी पाहत होतो. पंपावरही दहा मिनिटं थांबलो. तिथल्या माणसाने विचारलं, “काय हवंय बाबा?” म्हटलं, “काही नाही, बघतोय.” तो म्हणाला, “बघायला पैसे पडत नाहीत, बघा.” आजकाल असं बोलतात.

तुला काही माहीत असेल तर आता तरी सांग. फॉर्म टेबलावर आहे.

बाबा

२१ जानेवारी

गुंज,

तूच.

काल कंपाउंडरांना खाली बोलावलं. त्यांची नजर चांगली आहे. डॉक्टरांचं अक्षर वाचण्यात आयुष्य गेलं, त्यांना मुंग्या काय जड? आठही बिलं टेबलावर ओळीने मांडली, वर एकेक वजन ठेवलं पंख्याने उडू नयेत म्हणून. त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि मी वहीत उतरवत गेलो.

चौथ्या बिलाला ते थांबले. “काटेवाले, कार्डाचे शेवटचे आकडे वेगळे आहेत. खर्च तुमच्या कार्डावर नाहीच. इथे लिहिलंय, जोडकार्ड.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुमच्या खात्यावर दुसरं कार्ड. घरच्या कुणाला तरी दिलेलं. बायकोला, मुलाला, मुलीला.”

माझी लेखणी तिथेच थांबली. आईच्या औषधांना धावपळ तू करायचीस, तेव्हा तू म्हणाली होतीस, बाबा, इथे सही करा, दोन कार्डं मिळतात. मी सही केली होती. विसरलो होतो.

तेव्हा तू गेली तीन वर्षं माझ्या नावाचं कार्ड पाकिटात बाळगून आहेस! तोंडाने अबोला आणि खिशात माझं खातं!

कंपाउंडर तुझी बाजू घ्यायला लागले. म्हणाले, “अहो, पण ती पैसे भरते की. हे बघा, एकशे ऐंशीचं पेट्रोल आणि वर सात पैसे, भरले एकशे ऐंशी. दर महिन्याला असंच. पंपावर पैशात हिशोब होतो, माणूस गोल आकडा भरतो, चिल्लर राहते. तुमच्या वाट्याला नुसती चिल्लर आलीय.”

मी म्हटलं, “शेवटचं वाचा.”

त्यांनी वाचलं आणि चष्मा काढून पुन्हा वाचलं. शेवटच्या महिन्यात पेट्रोल बरोबर दोनशेचं होतं. वर एक पैसाही नाही. आणि तू भरलेस एकशे नव्याण्णव रुपये आणि अठ्ठ्याण्णव पैसे.

कंपाउंडरांनी बिल उलटं करून मागची बाजूही पाहिली.

तुला ठाऊक आहे मी गिऱ्हाइकांना काय सांगायचो. बिघडलेला तराजू कधी इकडे झुकतो, कधी तिकडे. जो दर वेळी एकाच बाजूला झुकतो तो बिघडलेला नसतो, त्याला कुणीतरी हात लावलेला असतो. आठ महिने, आठही वेळा, कमी ते कमीच. एकदाही जास्त नाही. आणि शेवटी गोल आकड्यातूनही दोन पैसे काढून ठेवले. हे चुकून होत नाही. हे तू मुद्दाम केलंस.

का? मला डिवचायला? मी तेव्हा तुला हिशोब विचारला, म्हणून आता दर महिन्याला मला दोन पैशांचा हिशोब पाठवतेस? बापाला बँकेच्या दारात उभं करून गंमत बघतेस?

कंपाउंडर जाताना म्हणाले, “एकदा तिला विचारा तरी.”

मी म्हटलं, “विचारून झालंय. तीन वर्षांपूर्वी.”

फॉर्म भरला आहे. सही केली आहे. उद्या देणार. तुझं नाव मी लिहिलेलं नाही, ते त्यांचं ते शोधतील.

बाबा

२४ जानेवारी

चि. गुंज,

आधीची तीन पत्रं तुला मिळालेली नाहीत. मी ती टाकलीच नव्हती. लाकडी वजनांच्या पेटीत, दोन किलोच्या खाचेत ठेवली होती. आज ती याच्यासोबत पाठवतो आहे. तिसरं जाळावं असं तीनदा वाटलं. पण मी कसा आहे ते तुला ठाऊक आहे, आणि मी बरा आहे असं भासवणं हीपण लबाडीच. तर क्रमाने वाच आणि इथपर्यंत ये. मध्ये फाडू नकोस.

बावीस तारखेला मी फॉर्म दिला. दिलाच. काउंटरवरच्या बाईने तो चाळला, ट्रेमध्ये ठेवला. दोन पैशांचा चेकही मी सोबत नेला होता, पण तो हातातच राहिला. तेव्हा ती सहज, ट्रेकडे बघत म्हणाली,

“नशीब म्हणायचं आजोबा, की चोर चिक्कू निघाला.”

“म्हणजे काय?”

“त्याने पुरते पैसे भरले असते ना, तर तुम्हाला कधी कळलंच नसतं. बाकी शून्य असली तर आम्ही पोस्टाने बिल पाठवतच नाही. पाकीटच आलं नसतं.”

मी म्हटलं, “आणि मी हे चेक टाकतो, ते त्याला कळतं?”

“कार्ड वापरणाऱ्याच्या मोबाइलवर मेसेज जातो. सात पैसे जमा झाले, आभारी आहोत. कळणारच.”

मी बरं म्हणून निघालो. जिना उतरलो. रस्ता ओलांडला. चांभाराच्या दुकानापर्यंत आलो आणि तिथे माझे पाय थांबले. चांभाराने खुर्ची पुढे केली, त्याला वाटलं चप्पल तुटली.

चाळीस वर्षं मी चोऱ्या पकडल्या, गुंज. पारड्याखाली चिकटवलेलं मेण, आतून पोखरलेलं वजन, सगळं पाहिलं. आपली चोरी मालकाला पत्राने कळवणारा चोर मी पाहिलेला नाही. पुरतं भरलं तर पाकीट येत नाही. पाकीट आलं नाही तर मी चेक लिहीत नाही. चेक लिहिला नाही तर तुला मेसेज येत नाही.

मग मी त्या खुर्चीत बसून बोटांवर मोजलं. बिलं जूनपासून. आत्या एप्रिलात गेली. तोवर माझी खबर तुला आत्याकडून मिळत असणार, ती दर रविवारी येऊन माझं सगळं घर हुंगून जायची ती उगाच नाही. ती गेली आणि पुढच्याच महिन्यात तू पेट्रोल भरलंस. नोव्हेंबरचा चेक मी वेळेवर टाकला नाही, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ‘विमा कंपनी’चा फोन आला. हिंडतात-फिरतात का, असं विचारलं होतं त्या बाईने. मी दाराला दुसरी कडी लावली, आणि फोनवर तू होतीस. कंपाउंडरांचा नंबर तुला आत्यानेच दिला असणार.

तुला ठाऊक होतं, बाप दोन पैशांचंसुद्धा देणं ठेवणार नाही. मेला तरच ठेवील.

मी उठलो. चांभार म्हणाला, “चप्पल?” मी म्हटलं, “चप्पल ठीक आहे, माणूस बिघडला होता.” परत बँकेत गेलो. जेवणाची सुट्टी होती, काउंटरवर पाटी. मी पाटीशीच उभा राहिलो. ती डबा धुऊन आली आणि मला पाहून तिने कपाळाला हात लावला.

“तो फॉर्म परत द्या.”

“तो आत साहेबांच्या सहीला गेला.”

“मग साहेबांना सांगा, सही करू नका. चोर सापडला.”

“कोण?”

“मी.”

तिने डबा काउंटरवर ठेवला. मग आत गेली. साहेबांनी सही केलेली होती, पण कागद पुढे गेलेला नव्हता. तिने तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “आजोबा, घरी कुणी आहे का तुमच्या?” मी म्हटलं, “आहे. लांब राहते.”

तो फॉर्म मी कापला. पत्र्याच्या कात्रीने नाही, साध्या.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो. याच्यासाठीच दोन दिवस लागले.

आई जाऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा मी औषधांच्या पावत्या आणि कार्डाचं बिल घेऊन बसलो होतो. एकशे बाराचा फरक येत होता. मी तुला विचारलं, हे कुठे गेले? तू म्हणालीस, “बाबा, तुम्ही आईचं औषध तराजूत घालताय?” मी म्हटलं, “हिशोब आहे, जुळला पाहिजे.” तू म्हणालीस, “मग जुळवत बसा.” आणि मी कार्ड कापलं, आणि तू गेलीस.

गुंज, तो हिशोब जुळला होता. एकशे बाराची पावती होती. खोकल्याच्या औषधाचा पाक सांडून ती दुसऱ्या पावतीच्या पाठीला चिकटली होती. तू गेल्यावर अकराव्या दिवशी मी पेटी आवरत असताना ती सुटून आली. तीन वर्षं ती माझ्याकडे आहे. तुझी आत्या प्रत्येक रविवारी म्हणायची, “दादा, पोरीला चार ओळी लिही.” मी म्हणायचो, बघू. एकदाही तिला सांगितलं नाही की पावती सापडली. तुझ्यावर संशय होता तोवर मी बरोबर होतो. पावती बाहेर काढली असती तर मग माझ्याकडे काय उरलं असतं?

पावती या पाकिटात आहे. अजून थोडी चिकटते. जपून उघड.

तराजूचं एक पारडं हलकं निघालं की त्याच्या साखळीत तारेचा एक तुकडा अडकवतात, दोन्ही बाजू सारख्या व्हाव्यात म्हणून. पासंग म्हणतात त्याला. लहानपणी तू ते तुकडे वेचून डबीत ठेवायचीस. वजन म्हणशील तर काही नाही. पण तो काढला तर काटा सरळ उभा राहत नाही. तुझे ते सात पैसे, बारा पैसे, दोन पैसे मी आठ महिने चोरीचा माल म्हणून वहीत लिहिले.

आजचा चेक मी नव्याने लिहिला आहे. एक पैशाचा. अक्षरी एक पैसा फक्त. बाकी दोन आहेत, मी एकच भरतो आहे. जन्मात पहिल्यांदा मी देणं ठेवतोय, त्यामुळे सही वाकडी आली आहे, बँक नाकारणार नाही ना?

पुढचं तुझ्यावर. तू रागावून राहणार असशील तर तसा तुला हक्क आहे. मग नेहमीसारखे काही पैसे मागे ठेव. पाकीट येईल, मी चेक टाकीन, तुला कळेल की हिंडतो-फिरतो आहे. तेवढंही मला पुरेल.

पण येणार असशील तर या वेळी पुरतं भर. माझा एक पैसाही. बाकी शून्य कर. बारा तारखेला पाकीट आलं नाही की मी समजेन.

पहिल्या पत्रात एक ओळ कोरी सोडली आहे. ती आता कोरी नाही. मी ती आज भरली.

तुझा बाप

१५ फेब्रुवारी

चि. गुंज,

बारा तारखेला पाकीट आलं नाही.

मी लगेच विश्वास ठेवला असं समजू नकोस. तेराला पोस्टमनला फाटकात अडवलं. तो म्हणाला, “बाबा, इतके महिने बिल आलं की तुमची कुरकुर, आता नाही आलं तरी कुरकुर?” मी त्याला पिशवी पुन्हा बघायला लावली. मग कंपाउंडरांच्या पेटीत चुकून गेलं का पाहिलं. ते म्हणाले, “काटेवाले, माझ्या पेटीत फक्त माझं दुःख येतं.” चौदाला बँकेत गेलो. केसात पेनवाली मला पाहून नुसती हसली आणि पडदा माझ्याकडे वळवला. मी चष्मा पुसून वाचलं. वरपासून वाचलं, सगळ्या मुंग्या. शेवटी शून्य.

तरी मी तिला म्हटलं, “हे कंपनीने आपणहून माफ तर केलं नाही ना? एक पैसा आहे, सोडून दिला असेल.”

ती म्हणाली, “नाही आजोबा. भरलाय. नऊ तारखेला, एक पैसा. मी मुद्दाम पाहून ठेवलं होतं.”

आता दाराची दुसरी कडी काढून टाकली आहे. स्क्रू गंजले होते, कंपाउंडरांनी धरायला मदत केली. जिन्याची तिसरी पायरी हलते, त्यावर खडूने फुली मारली आहे, तू धावत चढतेस म्हणून. अजून धावतेस का ते माहीत नाही.

हे पत्र पेटीत टाकत नाही. पोस्टमनवर माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही. आणि आताच फाटकाशी एक स्कूटर थांबल्याचा आवाज आला आहे, कुणाची असेल ती असो, मी बघून येतो.